फुकट, पण वजनात पुरं

आमच्या सोसायटीच्या दप्तरात तीन वर्षांपूर्वीचा एक निनावी अर्ज आहे. तो चौथ्या मजल्यावरच्या कर्णिकांविरुद्ध आहे. सेक्रेटरी या नात्याने तो मी वार्षिक सभेत वाचून दाखवला, इतिवृत्तात त्याचा उल्लेख केला आणि दोन भोके पाडून फाइलला लावला. एवढे सर्वांना ठाऊक आहे. तो अर्ज लिहिलाही मीच होता, हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

आता सांगायचेच ठरवले आहे, तर आधी तो माणूस नीट सांगितला पाहिजे. अर्जात मी त्यांच्याविषयी खोटे फारसे लिहिले नव्हते. पण नीट असेही काही लिहिले नव्हते.

दिगंबर कर्णिक यांच्याजवळ एक रबरी शिक्का आहे. त्यावर एकच शब्द आहे: 'पडताळले'. इंटरनेटवर फुकट मिळणारा कागद ते छापून काढतात, तपासतात आणि मनास आला तर त्याच्या उजव्या कोपऱ्यात हा शिक्का उमटवतात. उमटवण्यापूर्वी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडतात. उमटवल्यावर मान तिरकी करून पाहतात. मग समोर कोणी असो वा नसो, म्हणतात, "फुकट आहे, पण वजनात पुरं आहे."

हे कागद विशेष मुलांसाठीचे असतात. ज्यांना बोलता येत नाही किंवा फार उशिरा येते, ज्यांना गर्दी आणि आवाज सोसत नाहीत, ज्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरे जागा बदलतात, अशा मुलांसाठी जगभरच्या शिक्षकांनी आणि आयांनी चित्रे, तक्ते, छोट्या गोष्टी, सरावाची पाने तयार करून ठेवली आहेत आणि ती कोणालाही घेता येतात. त्या ढिगाऱ्यातले कामाचे काय, हे शोधत कर्णिक रोज सकाळी नऊ ते एक संगणकापुढे बसतात. वय बहात्तर. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, शर्टाच्या खिशात बोथट टोकाची कात्री. त्यांच्या घरात मूल नाही. मूलच काय, दुसरे माणूसही नाही.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. किराणा दुकानांचे तराजू, रॉकेलची मापे, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रक तोलणारे काटे यांची तपासणी करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना सोडले. त्यांनी खात्याला सोडले नाही. वेबसाइटला ते दुकानच समजतात आणि प्रत्येक दुकानात गिऱ्हाईक म्हणून न शिरता झडतीला शिरतात. पहिल्या पानावर 'फ्री' लिहिलेले असते. कर्णिक शेवटच्या पानापर्यंत जातात. तिसऱ्या पानावर फोन नंबर मागितला की वहीत शेरा पडतो: 'काटा मारते.' चौदा दिवस फुकट आणि पंधराव्या दिवशी कार्डाचा नंबर, अशी साइट निघाली की शेरा: 'पारड्याखाली चिंच', म्हणजे वजन फसवायला खालून चिकटवलेला गोळा. एका साइटला त्यांनी नापास केले, कारण तिचे चित्र आपल्या इकडच्या कागदावर छापले की डावीकडची अर्धा इंच पट्टी कापली जात होती. "मुलाचा हातच कापला जातोय चित्रातला," ते मला जिन्यात थांबवून म्हणाले. "मुलानं पाणी मागायचं कसं, कोपरानं?"

मी ऑफिसला निघालेला असे. बेलापूरची बस गाठायची असे. मी हसून मान हलवत असे आणि दोन-दोन पायऱ्या उतरत असे.

पण त्यांचे खरे वेड वेगळेच होते. परदेशी साइटवरचे चित्र जसेच्या तसे मुलाच्या हातात द्यायला त्यांचा सक्त विरोध होता. न्याहारीच्या चित्रात मधाने माखलेल्या गोल चकत्या, शाळेच्या चित्रात पिवळी लांबलचक बस, हिवाळ्याच्या चित्रात बर्फाचा माणूस. "हे पनवेलच्या पोराला दाखवून काय करायचं? त्याला भूक लागली तर तो पोळी मागणार. पोळीचं चित्र कुठाय?" एका परदेशी शिक्षिकेला त्यांनी पत्रच पाठवले. आपल्या संचातील अनुक्रमांक चौदा येथे बर्फ दाखवला असून आमच्या गावी तो पडत नाही, तरी मार्गदर्शन व्हावे, अशा आशयाचे. त्या बाईंचे उत्तर आले. त्यांनी संचाची मूळ फाइल पाठवली आणि लिहिले, की तुमच्या गावात जे पडत असेल ते घाला. ते उत्तर कर्णिकांनी प्लास्टिकच्या पाकिटात घातले. पुढे कित्येक दिवस ते पाकीट त्यांच्या पिशवीत असे, आणि भेटेल त्याला ते एखाद्या मानपत्रासारखे दोन्ही हातांनी दाखवत.

मग त्यांनी गाव टिपायला सुरुवात केली. बादली, मग, घासणी, कुकर, रिक्षा, एसटी, केळ्यांची गाडी, सोसायटीचे गेट. वस्तू संपल्यावर ते माणसांच्या चेहऱ्यांवर आले. आनंद, राग, भीती, कंटाळा ही चित्रे मुलांना लागतात. आमचे चेअरमन घरतदादा यांचे कळंबोलीला ट्रक आहेत. त्यांनी 'आनंद' लगेच देऊन टाकला. रागासाठी कर्णिकांनी मासळी बाजारातली हिराबाई निवडली. हिराबाई उरणकडची, तोंडाने तिखट म्हणून प्रसिद्ध. पण मोबाइल समोर धरल्यावर तिला राग काही येईना. हसूच येऊ लागले. "मी कशाला रागावू? तुमी काय वायट मानूस हाय काय?" असे म्हणत ती पदर तोंडाला लावू लागली. कर्णिकांनी मोबाइल खाली घेतला, ताज्या सुरमईवर बोट ठेवले आणि ती सांगत होती त्याच्या निम्म्या भावाने मागितली. दुसऱ्या क्षणी त्यांना जगातल्या कोणत्याही साइटवर नाही असा राग मिळाला. चित्रातून कोयता तेवढा त्यांनी कापून टाकला. पनवेलमधल्या दहा-बारा घरांतली मुले आजही राग म्हणजे हिराबाई असेच समजतात.

'कंटाळा'साठी त्यांनी मला विचारले होते. "सेक्रेटरीसाहेब, फार तयारी लागणार नाही. सभेत बसता तसे बसा." मी नकार दिला. जरा तुटकच दिला.

त्या काळात उलव्याकडे विमानतळासाठी डोंगर फोडणे चालले होते. दुपारी सुरुंग उडत आणि आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत. सुरुंगाला घाबरणाऱ्या मुलासाठी काय करावे, हे कोणत्याही साइटवर सापडेना. म्हणून ती गोष्ट कर्णिकांनी स्वतः लिहिली. चार पाने, पानावर एक ओळ. दुपारी मोठा आवाज होतो. डोंगर लांब आहे. मी कान झाकू शकते. आवाज संपतो. खाली शिक्का. आपल्याच कागदावर आपणच शिक्का मारणे नियमात बसत नाही, याचे त्यांना बरेच दिवस वाईट वाटत होते.

'मी कान झाकू शकते' असे त्यांनी लिहिले होते. 'शकतो' असे नव्हते. आमच्या इमारतीत त्या आवाजाने पलंगाखाली जाऊन बसणारी एकच मुलगी होती, आणि ती माझी होती.

रेवा बोलत नाही. आता चौदा वर्षांची आहे. तेव्हा अकराची होती. ती तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी आम्हाला जे सांगायचे ते स्पष्ट सांगितले होते. मी ते घरात आणले आणि दार लावून घेतले. खारघरला ती विशेष मुलांच्या शाळेत जाई. सोसायटीत मी 'खारघरच्या इंग्रजी शाळेत आहे, अभ्यास फार असतो' असे सांगत असे. ती खाली खेळायला का येत नाही, याचे कारण मी सर्दीपासून परीक्षेपर्यंत ऋतुमानाप्रमाणे बदलत असे. लोक ऐकून घेत. मला वाटे, ते विश्वास ठेवतात.

दर शनिवारी सकाळी कर्णिक सोसायटीच्या ऑफिसात एक टेबल मांडून बसत. टेबलावर कात्री, वेल्क्रोची पट्टी, प्लास्टिकची पाकिटे आणि शिक्का. आसपासच्या सेक्टरांमधल्या चार-पाच आया येत. कोणाचा मुलगा हात धुताना अडतो, कोणाची मुलगी कात्री पाहून किंचाळते. कर्णिक वही उघडून आकडा शोधत आणि त्या अडचणीला बसणारे पान काढून देत. उपदेश करत नसत. "डॉक्टरांना विचारा, मी कागदवाला आहे," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्या वेळी मी आठवड्याची भाजी आणायला उरण नाक्यापर्यंत जात असे. ते टेबल मी कधी पाहिले नाही. पाहायचे टाळले, असे म्हणणे अधिक खरे.

एका रविवारी खाली भाजीच्या गाडीभोवती सोसायटीतली सात-आठ माणसे उभी होती. मी दोडकी निवडत होतो. कर्णिक आले, पिशवीतून एक जाड पाकीट काढले आणि माझ्यापुढे धरले. "रेवासाठी आहे. पंधरा चित्रं. 'पाणी हवं' पासून सुरुवात करा. तीन वेळा शांतपणे दाखवा. नाही घेतलं तरी ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा."

ते नेहमीच्या आवाजात बोलले. त्या आवाजात लपवण्यासारखे काही नव्हते, म्हणून तो मला मोठा वाटला. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी नजर वळवून कोथिंबीर हुंगली. तेवढे पुरेसे होते. मी पाकीट घेतले, आभार मानले, घरी येऊन ते रद्दीत टाकले आणि संध्याकाळी अर्ज टाइप केला.

त्यातली भाषा मला अजून पाठ आहे. 'सदर रहिवासी कोणताही वैद्यकीय अधिकार नसताना इंटरनेटवरील अनधिकृत कागदपत्रे लहान मुलांच्या पालकांना वितरित करतात, तसेच रहिवाशांची छायाचित्रे घेतात. सबब संस्थेचे कार्यालय या कामासाठी देण्यात येऊ नये.' खाली, 'एक हितचिंतक'.

सोसायटीच्या वार्षिक सभेत शेवटचा विषय नेहमी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' हा असतो. तोपर्यंत लोक उठू लागलेले असतात, समोशांच्या पिशव्या उघडू लागलेल्या असतात. त्या विषयात मी अर्ज वाचला. सावकाश, स्वच्छ उच्चारांत, जणू दुसऱ्याचेच लिहिणे आहे अशा अलिप्तपणे वाचला. कर्णिक उभे राहिले. मला वाटले, चिडतील. त्यांनी एवढेच विचारले, "अर्जदारानं एखादा कागद तपासून पाहिला होता का?"

मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

"मग अर्जच बिनतपासणीचा आहे," असे म्हणून ते बसले.

घरतदादांना वाद नको होता. काही दिवस बंद ठेवू, मग बघू, असे ठरले. काही दिवस म्हणजे किती, हे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी कर्णिक ऑफिसची किल्ली घेऊन माझ्याकडे आले. टेबलाचे चारही पाय शाबूत असल्याचे मी पाहून घ्यावे आणि तसे लिहून द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. मी लिहून दिले. त्यानंतर ते कोणत्याही सभेला आले नाहीत. त्यांच्या दारावर एक उलटसुलट करता येणारी पाटी होती. एका बाजूला 'मी घरी आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'मी बाहेर आहे', दोन्हीकडे चित्र. पाणी सोडणारा चौथ्या मजल्यावरून येताना सांगे, की हल्ली ती पाटी 'मी घरी आहे'वरून उलटलेली दिसतच नाही.

जिन्यात भेटत तेव्हा ते पूर्वीसारखेच "सेक्रेटरीसाहेब, नमस्कार" म्हणत. पण थांबवत नसत. मला बस वेळेवर मिळू लागली.

मग गेल्या जानेवारीत रेवाला काहीतरी झाले. ती जेवेना. उजवा गाल आणि कान एकसारखा दाराच्या चौकटीवर आपटू लागली. एक दिवस, दोन दिवस. ताप नव्हता. मला वाटले, हट्ट आहे. शाळेत काहीतरी बिनसले असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यावर ओरडलो. तिचा हात धरून चौकटीपासून ओढला, आणि ती पुन्हा गेली तेव्हा त्या हातावर मारले. हे लिहिताना मी काहीही कमी करत नाही.

माझी पत्नी माधवी स्वयंपाकघरात गेली. तिने पिठाच्या डब्यामागच्या कपाटाचे दार पूर्ण उघडले आणि रेवाला तिथे नेले. मी ते दार आयुष्यात कधी उघडले नव्हते. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. दोन वेण्या घातलेली, फ्रॉकमधली एक मुलगी, साध्या रेषांत काढलेली. वर लिहिले होते, 'कुठे दुखतंय?' आणि कोपऱ्यात, थोडासा पुसट, शिक्का होता.

रेवाने आईचे बोट धरले आणि चित्रातल्या मुलीच्या कानावर नेऊन दाबले. सोडलेच नाही.

कानात पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, मोठ्या माणसालाही झोपू देणार नाही असे दुखणे होते. औषधाने पाच दिवसांत उतरले. परतताना रिक्षात मी माधवीला विचारले, तो कागद कुठून आला. ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "शनिवारी तुम्ही भाजीला जायचात ना, तेव्हा मी खाली जायचे. कर्णिकांच्या टेबलावर. सहा महिने गेले. मग ते बंद झालं."

त्या टेबलापुढे बसणाऱ्या पाच आयांपैकी एक माझ्या घरातली होती. मी माझ्याच मुलीच्या आईचे टेबल उचलून ठेवले होते, आणि त्याचे चार पाय मोजून दिले होते.

इतके कळल्यावर माणूस सरळ चौथ्या मजल्यावर जाईल. मी गेलो नाही. बोलता येणाऱ्या माणसाला न बोलण्यासाठी किती कारणे सुचतात! फेब्रुवारीत ऑफिसचे वर्षअखेरीचे काम होते. मेमध्ये उकाडा होता. पावसाळ्यात जिना ओला असतो. शेवटी सप्टेंबरच्या वार्षिक सभेची सूचना घरोघर द्यायची वेळ आली, आणि बाकीच्या सूचना वॉचमनकडे देऊन एक मी स्वतः घेऊन वर गेलो.

पाटीवर 'मी घरी आहे' होते. कर्णिकांनी दार उघडले, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, माझ्याकडे पाहिले आणि आत वळले. मागोमाग मी गेलो. बैठकीच्या भिंतीवर एक लांब तक्ता होता, मुलांना दिवस समजावा म्हणून करतात तसा. डावीकडे 'करायचं', उजवीकडे 'झालं'. चहा, आंघोळ, संगणक, जेवण, औषध, फेरी अशी वेल्क्रोवर चिकटवलेली चित्रे. सकाळची उजवीकडे गेली होती. डावीकडे सर्वांत खाली एक चित्र होते: दोन खुर्च्या आणि त्यांवर दोन माणसे. 'पाहुणे'. बाकीच्या चित्रांच्या कडा हाताळून मऊ झाल्या होत्या. याच्या कडा कोऱ्या होत्या.

कर्णिकांनी ते चित्र टरकन काढले, उजवीकडे चिकटवले, अंगठ्याने दाबले आणि म्हणाले, "बसा. चहा टाकतो."

चेहऱ्यांची फाइल टेबलावर उघडी होती. आनंद, भीती, हिराबाई. एक खण रिकामा. त्यांनी माझी नजर पाहिली. "कंटाळा. जागा ठेवली आहे तुमच्यासाठी."

मी हसलो. मग धीर करून, जे बोलायला आलो होतो त्याच्या शेजारचे बोललो. रेवाच्या कानाचे सांगितले. त्या दोन वेण्यांच्या मुलीच्या चित्रामुळे कळले, हे सांगितले. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते. हातात चहाचे गाळणे होते.

"कानावर बोट ठेवलं? स्वतः?"

"आईचं बोट धरून."

"चालतं. तेही चालतं." त्यांनी गाळणे दुसऱ्या हातात घेतले. "नेटवरच्या आकृत्या सगळ्या टकल्या असतात हो. मुलाला वाटतं, हे आपलं नाही. म्हणून मी फोटो काचेवर ठेवून गिरवली. आमची वैजू ती."

फ्रिजवर एक लहान तसबीर होती. दोन वेण्या, फ्रॉक, कॅमेऱ्याकडे न पाहणारे डोळे. मी इतकी वर्षे याच इमारतीत राहतो. त्यांना मुलगी होती, हे मला माहीत नव्हते.

"चौदाची होती," ते म्हणाले. "बोलायची नाही. तीन दिवस भिंतीवर डोकं आपटत होती. पोट दुखत होतं तिचं, पण ती पोटाला हात लावायची नाही, भिंतीकडेच जायची. अपेंडिक्स फुटलं." मग, एखाद्या नियमाचा आधार सांगावा तशा सपाट आवाजात, "आम्ही भिंतीला उशी बांधली होती."

चहा उकळून वर आला. ते आत गेले. माझ्या तोंडाशी आलेले वाक्य तिथेच राहिले. त्या क्षणी ते बोलणे म्हणजे त्यांच्या दुःखात आपले ओझे ठेवणे होईल, असे मी स्वतःला सांगितले. हेही एक कारणच होते. निघताना मी फक्त म्हणालो, की रविवारच्या सभेला कृपा करून या. त्यांनी सूचनेचा कागद पूर्ण वाचला, शेवटच्या विषयापर्यंत वाचला, आणि म्हणाले, "बघतो."

रविवारी सकाळी मी माधवीला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. तो अर्ज मी लिहिला होता, एवढे एकच वाक्य बोललो. तिचे लाटणे थांबले नाही.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"सभेत वाचलात तेव्हापासून. आपल्या बिल्डिंगमध्ये 'सबब' लिहिणारं दुसरं कोण आहे?"

मी विचारले, मग तू तीन वर्षे काही बोलली का नाहीस. तिने पोळी तव्यावर टाकली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रेवामुळे थांबायची सवय झालीच आहे."

सभा खाली पार्किंगमध्ये असते. गाड्या बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. आम्ही तिघे खाली उतरलो. रेवा प्रथमच सभेला आली. कानांवर मोठे हेडफोन, कमरेला चित्रांचा जुडगा. कुलकर्णीबाई सरकून बसल्या आणि त्यांनी शेजारची खुर्ची रेवापुढे केली. तेवढेच. आकाश कोसळले नाही. उलव्याच्या बाजूने एक विमान मात्र वरून गेले आणि रेवाने मान वर करून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले.

टाकीची सफाई झाली, रंगकामाचा ठराव झाला. मी मधून मधून मागे पाहत होतो. गच्चीच्या गळतीवर वाद चालू असताना कर्णिक जिन्यावरून उतरले, खांद्याला पिशवी, आणि शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसले. तीन वर्षांनी आले म्हणून कोणी वळून पाहिले, कोणी पाहिले नाही.

समोशांचा वास सुटला. लोक उठू लागले. घरतदादा घड्याळाकडे पाहत म्हणाले, "चला सेक्रेटरी, ते आयत्या टायमाचं काय हाय ते वाचा. नसंल तर आटपू."

"एक आहे," मी म्हणालो.

माझ्या हातात आदल्या दिवशी लिहून ठेवलेला कागद होता. 'सदर' या शब्दाने सुरू होणारा. मी त्याची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. शेवटच्या रांगेत कर्णिकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. माझा आवाज मुळात बारीक आहे. तो मागेपर्यंत जाईना, म्हणून मी खुर्च्यांच्या मधून चालत गेलो आणि त्यांच्यापुढे उभा राहिलो. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज थांबले.

"कर्णिकसाहेब, तीन वर्षांपूर्वीचा तो अर्ज मी लिहिला होता. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, अर्जदारानं एखादा कागद तपासला होता का. नाही तपासला. एकही नाही. माझी रेवा बोलत नाही, हे तुम्हाला कळलं होतं, आणि मला ते कोणाला कळायला नको होतं. तेवढ्यासाठी मी तुमचं टेबल बंद केलं, आणि तुम्हाला वर एकटं बसवलं. चूक माझी आहे. मला माफ करा."